पिपेट स्वच्छ आहे, पण कशापासून?

प्रॅक्टिकल संपायला पाच मिनिटं उरली की लॅबमधलं दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं असतं. रीडिंग लिहून झालेलं असतं, जर्नलवर सही घ्यायला रांग लागलेली असते आणि सिंकमध्ये पिपेट, ब्युरेट, फ्लास्क यांचा ढीग पडलेला असतो. पिपेट नळाखाली एकदा धरली, झटकली, स्टँडला लावली की "झालं, धुतलं!" काचेतून आरपार दिसतंय ना, मग स्वच्छच आहे, अशी आपली साधी समजूत.

या समजुतीची जरा उलटतपासणी करू या. "पिपेट स्वच्छ आहे का?" हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा हवा: "पिपेट कशापासून स्वच्छ आहे, आणि पुढच्या कामाला तेवढं पुरेसं आहे का?"

हे आपल्याला रोजच्या जगण्यात बरोबर कळतं. मेसमधला ऑम्लेटचा तवा साबणाने लख्ख घासला तरी कडक शाकाहारी मित्र त्यावरची पोळी खात नाही. तेलापासून तवा स्वच्छ आहे, पण त्याला हवा तसा स्वच्छ नाही. घरी दुधाच्या पातेल्यात चमचाभर दही राहिलं तर सकाळपर्यंत सगळं दूध विरजतं. तेच चमचाभर दही आमटीच्या पातेल्यात राहिलं तर कुणाला कळतही नाही. म्हणजे घाण किती आहे यापेक्षा त्या भांड्यात पुढे काय होणार आहे हे जास्त महत्त्वाचं. पिपेटचंही अगदी तसंच आहे. आपल्या कॅम्पसमध्ये पिपेट तीन वेगवेगळ्या प्रकारच्या कामांना वापरली जाते, आणि तिन्ही ठिकाणी "स्वच्छ" या शब्दाचा अर्थ वेगळा होतो.

काम पहिलं: केमिस्ट्री लॅब

फर्स्ट इयरला सगळ्यांनी केलेलं प्रॅक्टिकल म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणे. पाण्याचा नमुना २५ मि.ली. पिपेटने घ्यायचा, पीएच १० चं बफर घालायचं, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकायचं आणि ईडीटीए सोडत वाइन रेडचा निळा रंग होईपर्यंत थांबायचं. सगळं गणित एकाच गृहीतावर उभं आहे: फ्लास्कमध्ये पडलेला नमुना बरोबर २५ मि.ली. आहे.

इथे दोन गोष्टी घात करतात.

पहिली म्हणजे तेलकटपणा. स्वच्छ काचेला पाणी आवडतं, ते भिंतीवर सलग पातळ थर धरून खाली उतरतं. बोटांचं तेल, ग्रीस किंवा साबणाचा थर असेल तर पाणी तिथे तुटतं आणि थेंब चिकटून राहतात. एक थेंब साधारण ०.०५ मि.ली. धरा. असे दोन थेंब आत राहिले की ०.१ मि.ली. कमी पडलं. २५ मि.ली.च्या क्लास ए पिपेटला फक्त ०.०३ मि.ली. इतकी कमी-जास्त मुभा आहे. म्हणजे महागडी क्लास ए पिपेट घेतली आणि दोन थेंबांनी तिची अचूकता तिपटीहून जास्त बिघडवली! शिवाय तेलकट काचेवर मेनिस्कसचा आकारही वेडावाकडा होतो, त्यामुळे खुणेवर आणतानाच चूक होते.

दुसरी म्हणजे आत राहिलेलं आधीचं पाणी. समजा पिपेट डिस्टिल्ड वॉटरने धुतली आणि तशीच ओली नमुन्यात बुडवली. आत अर्धा मि.ली. पाणी राहिलं असेल तर २५ मि.ली.मध्ये नमुना भरतो २४.५ मि.ली. सरळ २ टक्के कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. खरोखर २०३ असलेलं पाणी या पिपेटने १९९ दिसेल. जर्नलमध्ये आपण दिमाखात लिहू, "नमुना मर्यादेत आहे." आता २०३ आणि १९९ मध्ये पिणाऱ्याला काही फरक पडणार नाही हे खरं. पण हाच नमुना उद्या एखाद्या गावाच्या विहिरीचा असेल, मोजायचं असेल फ्लोराइड, आणि सही आपली असेल, तर? सवय आज लागते, ती पुढे बदलत नाही.

म्हणून व्हायव्हाचा तो लाडका प्रश्न: पिपेट आणि ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच रिन्स करतात, पण कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने, असं का? कारण फ्लास्कमध्ये पदार्थ किती गेला याला महत्त्व आहे. तिथे आधीचं शुद्ध पाणी असलं तरी पदार्थ तेवढाच राहतो. पण फ्लास्क नमुन्यानेच रिन्स केला तर मोजलेल्या २५ मि.ली.शिवाय जास्तीचा नमुना आत राहतो. पाठ केलेलं उत्तर विसरतं, कारण कळलं की विसरत नाही.

काचेची पिपेट धुण्याची रीत

१. काम झाल्या झाल्या नळाच्या पाण्याने धुवा. वाळू देऊ नका. वाळलेलं द्रावण काढायला दसपट वेळ लागतो.

२. पिपेट फिलर किंवा रबर बल्ब लावून सौम्य डिटर्जंटचं पाणी खुणेच्या वरपर्यंत ओढा. मग पिपेट आडवी धरून हळूहळू फिरवा, म्हणजे सगळ्या भिंतीला पाणी लागेल. फार मळली असेल तर उंच प्लास्टिक जारमध्ये, टोक वर करून, रात्रभर भिजवा. टोक खाली ठेवलं तर ते आपटून टवका उडतो, आणि टवका उडालेली पिपेट बरोबर माप देत नाही.

३. नळाच्या पाण्याने पाच-सहा वेळा धुवा. साबण मागे राहिला तर तोही घाणच.

४. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने तीन वेळा, पण थोड्या थोड्या पाण्याने. याचं गणित छान आहे. आत अर्धा मि.ली. घाण द्रावण राहतं असं समजा. १५ मि.ली. पाणी एकदम वापरलं तर घाण साधारण एकतीसाव्या भागावर येते. तेच १५ मि.ली. पाणी ५-५-५ असं तीनदा वापरलं तर दर वेळी अकरावा भाग, म्हणजे शेवटी १३३१ वा भाग! पाणी तेवढंच, काम चाळीसपटीहून जास्त. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन नेहमी अर्धा रिकामाच असतो, त्यामुळे हे गणित उपयोगी पडेल.

५. आता परीक्षा. पिपेट डिस्टिल्ड वॉटरने भरा, सोडा आणि उजेडाकडे धरून बघा. आत सलग थर असेल तर पास. थेंब, रेघा दिसल्या तर पुन्हा पायरी दोन.

६. टोकात तार, टाचणी घालू नका. ओव्हनमध्ये वाळवायचीही गरज नाही. वापरण्याआधी टोक बाहेरून टिश्यूने पुसा आणि त्याच द्रावणाने दोन-तीनदा रिन्स करा. रिन्ससाठी द्रावण छोट्या बीकरमध्ये काढून घ्या, मुख्य बाटलीत पिपेट बुडवू नका. नाहीतर एका पिपेटची घाण सगळ्या बॅचला वाटली जाते.

डाग असेल तर आधी तो कशाचा आहे ते ओळखा. कठीण पाण्याचा पांढरा थर विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने जातो. पोटॅशियम परमँगनेटचा तपकिरी डाग म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, तो ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो. ग्रीसला आधी थोडं ॲसिटोन, ते पूर्ण उडून गेल्यावर डिटर्जंट. इथेही प्रश्न तोच: कशापासून स्वच्छ करायचं आहे?

आणि क्रोमिक ॲसिड? जुन्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकांत अजूनही ते "उत्तम क्लीनिंग मिक्श्चर" म्हणून सापडतं. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड यांचं ते मिश्रण. काच चकाचक होते यात वाद नाही. पण त्यातलं सहा व्हॅलन्सीचं क्रोमियम माणसात कॅन्सर घडवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात ठेवलं आहे. शिवाय क्रोमियम काचेला चिकटून राहतं, म्हणजे एक घाण काढताना दुसरी लावली. आणि ते मिश्रण रोज कोण हाताळतं? आपण आठवड्याला दोन तास लॅबमध्ये असतो. लॅबमधले मामा आणि मावशी वर्षानुवर्षं तिथे असतात. सिंकमध्ये ओतलेलं क्रोमियम पुढे कुठे जातं, हा प्रश्न तर एन्व्हायर्नमेंटल स्टडीजच्या पेपरात आपणच सोडवतो. साध्या डिटर्जंटने, वेळेवर धुतलं तर क्रोमिक ॲसिडची वेळच येत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. तोंडाने पिपेट ओढायची नाही, अगदी साधं पाणी असलं तरी नाही, कारण आधी त्यात काय होतं हे माहीत नसतं. आणि टीडी, म्हणजे 'टू डिलिव्हर' पिपेटच्या टोकात राहिलेला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही. तो थेंब आणि भिंतीवरचा पातळ थर कंपनीने मापात आधीच धरलेले असतात. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून थोडं थांबायचं, बस. पण हा हिशेब फक्त स्वच्छ काचेसाठी खरा आहे, हे विसरू नका.

काम दुसरं: मायक्रोबायोलॉजी

बायोटेकच्या मित्रांकडे गेलं की शत्रू बदलतो. इथे प्रश्न जिवंत जंतूंचा. वर सांगितल्याप्रमाणे धुतलेली, सलग थर दाखवणारी पिपेट टायट्रेशनला पहिला नंबर मिळवेल, पण तिच्यावर हजारो बॅक्टेरिया आरामात बसलेले असू शकतात. न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये एक बॅक्टेरिया पडला की रात्रभरात विरजण लागलंच.

इथे कामाचा क्रमही उलटा होतो. केमिस्ट्रीत आधी धुणं. इथे आधी जंतू मारणं, मग धुणं, मग पुन्हा निर्जंतुक करणं. कारण जंतू असलेली पिपेट सरळ सिंकमध्ये टाकली तर धोका धुणाऱ्याला. वापरलेली काचेची पिपेट लगेच जंतुनाशकाच्या भांड्यात पूर्ण बुडवतात, आत हवेचा बुडबुडा राहू देत नाहीत, कारण जिथे द्रावण पोचलं नाही तिथला जंतू मरत नाही. मग ऑटोक्लेव्ह: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, २० मिनिटं. आपल्या घरचा प्रेशर कुकरही याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे कुणी घड्याळ लावून बसत नाही. त्यानंतर साबणाने धुणं, वाळवणं, आणि धातूच्या डब्यात ठेवून हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास. कोरड्या हवेला जंतू मारायला वाफेपेक्षा जास्त तापमान आणि जास्त वेळ लागतो.

बाहेरून पुसायला स्पिरिट असतंच. ते ७० टक्केच का, शंभर टक्के का नाही? कारण जंतूची प्रोटीन्स बिघडवायला पाणीही लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. तरी लक्षात ठेवा, बॅक्टेरियाचे स्पोर अल्कोहोलला दाद देत नाहीत.

काम तिसरं: पीसीआर आणि मायक्रोपिपेट

आता सगळ्यात अवघड प्रकरण. मायक्रोपिपेटचं श्रेय जर्मनीत मारबुर्गला काम करणाऱ्या हाइनरिश श्निटगर या संशोधकाला जातं. त्यांनी १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. रचना सोपी आहे: बटण दाबलं की पिस्टन खाली, सोडलं की वर. पिस्टन आणि द्रावण यांच्यात हवेची गादी असते, द्रव फक्त प्लास्टिकच्या टिपमध्ये येतो. टिप फेकून दिली की संपलं, अशी आपली कल्पना. पण बटण झटकन सोडलं की द्रव उसळतो आणि त्याचे अतिसूक्ष्म तुषार टिपच्या वर, पिपेटच्या दांड्यात शिरतात. नवीन टिप लावली तरी ते तुषार आतच. पुढच्या नमुन्यात ते हळूच उतरतात.

पीसीआरमध्ये हे का महागात पडतं ते बघा. प्रत्येक सायकलला डीएनएची प्रत दुप्पट होते. थिअरीप्रमाणे ३० सायकलनंतर एका रेणूचे १०७ कोटींहून जास्त रेणू. म्हणजे चुकून शिरलेला एक रेणू आणि पेशंटचा खरा रेणू, मशीनला दोन्ही सारखेच. २०२० मध्ये आरटी-पीसीआर हा शब्द घराघरात पोचला, तेव्हा "पॉझिटिव्ह" या एका शब्दावर माणूस घरात जाणार की वॉर्डात हे ठरत होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने पाठवलेल्या सुरुवातीच्या टेस्ट किट अनेक लॅबमध्ये नुसत्या पाण्यालाही सिग्नल देऊ लागल्या. संस्थेच्याच नंतरच्या तपासणीत एका भागाची रचना सदोष निघाली आणि दुसऱ्या भागात कृत्रिम डीएनएचं कंटॅमिनेशन निघालं. दोष पिपेटचा होता असं नाही, पण एवढ्या मोठ्या संस्थेतही नको तो डीएनए शिरू शकतो हे दिसलं.

आणि इथेच मोठी फसगत आहे: निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. जर्मनीतलं एक प्रकरण यासाठी प्रसिद्ध आहे. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. घटनास्थळी एका अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या मिळून सुमारे ४० ठिकाणी निघाला, खुनापासून किरकोळ चोरीपर्यंत. पोलीस त्या "चेहरा नसलेल्या बाई"च्या मागे धावत राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्यांवरच तो डीएनए होता, त्या पॅक करणाऱ्या एका कामगार स्त्रीचा! काड्या निर्जंतुक होत्या, त्यावर जिवंत जंतू एकही नव्हता. पण डीएनए होताच. खरे खुनी मात्र तोवर मोकळेच होते. त्यांचा पत्ता २०११ मध्ये लागला. नंतर, २०१६ मध्ये, अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे वेगळं मानकच काढावं लागलं.

म्हणून मायक्रोपिपेटला अल्कोहोलने पुसून समाधान मानू नका. अल्कोहोल डीएनए मोडत नाही. केळ्यातून डीएनए काढायच्या प्रयोगात आपण गार अल्कोहोल घालूनच तो वेगळा काढतो! ऑटोक्लेव्हही डीएनएचे तुकडे करतो, पण छोटे तुकडे शिल्लक राहू शकतात. डीएनए मोडायला ब्लीच लागतं.

मायक्रोपिपेटची रीत

१. आधी कंपनीचं माहितीपत्रक वाचा. कुठला भाग उघडतो, कुठला ऑटोक्लेव्ह चालतो, हे मॉडेलप्रमाणे बदलतं.

२. बाहेरून सौम्य साबणाच्या ओल्या कापडाने पुसा, कारण मळ असेल तर ब्लीच त्या मळावरच खर्च होतं.

३. खालचा दांडा आणि टिप काढायचा इजेक्टर सोडवा. ताजं सोडियम हायपोक्लोराइट ०.५ टक्के: बाटली ५ टक्क्यांची असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. कंपनीने चालतं म्हटलं असेल तर दहा मिनिटं लावून ठेवा. लावलं आणि लगेच पुसलं तर उपयोग शून्य.

४. डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा नीट काढा. ब्लीच राहिलं तर धातू गंजतो आणि पुढच्या नमुन्यातला डीएनएही मोडतो. ब्लीच कधीही ॲसिड, अमोनिया किंवा स्पिरिटमध्ये मिसळू नका, विषारी वायू आणि पदार्थ तयार होतात.

५. पूर्ण वाळू द्या, पिस्टनला सांगितलेलंच ग्रीस अगदी थोडं लावा, जोडा.

६. जोडल्यावर माप तपासा. १००० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा बॅलन्सवर टाका. २७ अंशाला एका वेळचं वजन साधारण ०.९९५५ ग्रॅम यायला हवं. आयएसओ ८६५५ प्रमाणे या पिपेटला सरासरीत ०.८ टक्क्यापर्यंतची चूक माफ आहे. बॅलन्सला हवेचा झोत लागू देऊ नका, पंखा बंद!

या सगळ्यापेक्षा सोपं म्हणजे घाण आत जाऊच न देणं. बटण सावकाश सोडा, पिपेट उभी धरा, टिपमध्ये द्रव असताना ती टेबलावर आडवी ठेवू नका, पीसीआरला फिल्टर टिप वापरा. आणि प्रत्येक बॅचला एक नळी नमुन्याऐवजी नुसत्या पाण्याची ठेवा. पाणीच "पॉझिटिव्ह" आलं तर त्या दिवसाचे सगळे रिझल्ट बाजूला ठेवायचे, कितीही जीवावर आलं तरी.

शेवटी एक सूचना

आपल्या लॅबमध्ये पिपेट कोणी धुतली हे कुणालाच माहीत नसतं. स्टँडवर लावलेली पिपेट उचलणारा "धुतली असेल" असं धरून चालतो. स्टँडजवळ एक साधी वही ठेवली आणि तीन रकाने आखले तर? शेवटी कशासाठी वापरली, कशाने धुतली, पुढे कशाला चालेल. एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. पुढच्या बॅचचा मुलगा किंवा मुलगी ती ओळ वाचून ठरवेल की पिपेट तशीच घ्यायची की पुन्हा धुवायची. सर-मॅडमनी प्रॅक्टिकलच्या मार्कांत यासाठी एखादा मार्क ठेवला तर वही रिकामी राहणार नाही, हे आपल्याला आपल्या स्वभावावरून सांगता येईल!

आणि हो, सही घ्यायची रांग पाच मिनिटांनी लांबली तरी चालते. मेसची भाजी तेवढ्यात संपत नाही.